२.३२ पेसोंचा लखोटा : आयाला घराण्याचा वारस नेमकं काय काम करतो?

जानेवारी १९९७. फिलिपिन्सची राजधानी मनिला, तिच्या पाणीपुरवठ्याचं टेंडर उघडलं जात होतं. ज्याची बोली सर्वांत कमी, त्याला काम, असा नियम होता. म्हणजे एक घनमीटर पाणी, आपल्या हिशोबात १,००० लिटर, नागरिकांना कमीत कमी किती पैशांत देऊ, ते लिहून द्यायचं. सरकारी संस्था तेव्हा ८.७८ पेसो (पेसो हे तिथलं चलन) घेत होती. शहराच्या पूर्व भागासाठी आयाला समूहाच्या लखोट्यात आकडा निघाला २.३२. पश्चिम भागातही त्यांचीच बोली सर्वांत खाली होती, २.५१. दोन्ही भाग एकाच कंपनीला द्यायचे नाहीत असं आधीच ठरलेलं असल्यामुळे आयालांना पूर्व भाग मिळाला. पश्चिम भाग लोपेझ घराण्याच्या कंपनीकडे गेला, ४.९७ पेसोंच्या बोलीवर.

चालू दराच्या जेमतेम चौथ्या हिश्शात पाणी देतो म्हणणाऱ्या या समूहाचे मुख्याधिकारी तेव्हा ३७ वर्षांचे होते. हाइमे ऑगस्टो झोबेल दे आयाला. मनिलाच्या उद्योगजगतात त्यांना आद्याक्षरांवरून 'जाझा' म्हणतात. शिक्षण हार्वर्डचं, आधी अर्थशास्त्राची पदवी आणि मग १९८७ मध्ये एमबीए. त्याच वर्षी ते घरच्या कंपनीच्या संचालक मंडळावर आले आणि १९९५ मध्ये मुख्याधिकारी झाले.

मोठ्या घरातल्या वारसाविषयी आपल्या मनात दोन ठरीव चित्रं असतात. एक आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याचं, आणि दुसरं वडिलांपेक्षा सवाई निघालेल्याचं. या दोन्ही चित्रांतून तो माणूस दिवसभर करतो काय, हे मात्र कळत नाही. तो कारखान्यात उभा नसतो, बँकेत कर्जाचे अर्ज तपासत नाही, मोबाइलचे टॉवर उभारत नाही. मग त्याचं काम कोणतं? मला विचाराल तर, कशात पैसा घालायचा, कुणाच्या हाती कारभार द्यायचा आणि कशातून हात काढून घ्यायचा, एवढे तीनच निर्णय त्याच्याकडे असतात. तिसरा सर्वांत अवघड. जाझांच्या कारकिर्दीत हे तिन्ही निर्णय एकाच धंद्यात, पाण्यात, पाहायला मिळतात. म्हणून हा लेख पाण्याभोवती फिरणार आहे. पण त्याआधी घराची ओळख हवी.

आयाला हा फिलिपिन्समधला सर्वांत जुना उद्योगसमूह. डोमिंगो रोहास आणि आंतोनियो दे आयाला यांनी १८३४ मध्ये, म्हणजे स्पेनची राजवट असताना, भागीदारीत सुरू केलेला. पुढे डोमिंगोंवर बंडखोरांना मदत केल्याचा आरोप आला आणि १८४३ मध्ये तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. त्यांची मुलगी मार्गारिता वडिलांच्या सुटकेसाठी थेट स्पेनच्या राणीपर्यंत गेली होती. तिनेच पुढे धंदा सावरला, आणि १८४४ मध्ये वडिलांच्या भागीदाराशी, आंतोनियोंशी, लग्न केलं. त्यांची मुलगी त्रिनिदाद हिने मूळच्या जर्मन घराण्यातल्या हाकोबो झोबेल यांच्याशी लग्न केलं. मनिलात ट्राम आणणाऱ्यांत हे हाकोबो होते. त्यांच्यानंतर दोन पिढ्यांनी याच घराण्यातली मर्सेडिस, तिचे पती जोसेफ मॅकमिकिंग.

एवढी नावं सांगण्याचं कारण आहे. घराण्याची किल्ली इथे वारंवार मुलीच्या हातून पुढे गेली आहे आणि त्यामुळे आडनाव बदलत गेलं आहे : रोहास, आयाला, झोबेल. वंशाचा दिवा मुलगाच, या समजावर वाढलेल्या आपल्यासारख्या समाजात हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. जवळजवळ दोनशे वर्षं टिकलेल्या या घराला जावयांनी आणि मुलींनी तारलं आहे.

मॅकमिकिंग यांनी तर या घराचं रूपच पालटलं. १८५१ मध्ये रोहास कुटुंबाने मनिलाबाहेर माकाती इथे ५२,८०० पेसोंना एक मोठी जमीनदारी घेतली होती. १९३७ मध्ये तिथे विमानतळ झाला. महायुद्धात मनिला बेचिराख झाल्यावर त्या माळरानावर आखीव शहर वसवायचं मॅकमिकिंग यांनी मनावर घेतलं. विमानतळाच्या दोन धावपट्ट्यांचे दोन हमरस्ते झाले, आयाला अव्हेन्यू आणि पासेओ दे रोहास. आज देशाचा सगळा मोठा पैसा या रस्त्यांवरून फिरतो. विमानतळाचा जुना मनोरा अजून तिथेच, इमारतींच्या गर्दीत उभा आहे. वतनी जमीन आणि आधुनिक भांडवल यांचं नातं एवढं उघड क्वचितच दिसतं. या घराण्याची श्रीमंती वसाहतकाळातल्या जमिनीवर उभी आहे, हा टीकाकारांचा आक्षेप खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. मात्र अशा जमिनी मिळालेली कुटुंबं त्या देशात पुष्कळ होती. बहुतेकांनी ऊस लावला आणि खंड खाल्ला. शहर कुणी वसवलं, तर यांनी.

आता रचनेकडे येऊ, कारण वारसाची ताकद तिच्यातच आहे.

एका मोठ्या वाड्याची कल्पना करा. कुटुंब एकत्र, पण चुली वेगळ्या. एका चुलीवर बँक, दुसरीवर घरबांधणी, तिसरीवर मोबाइल कंपनी, चौथीवर वीज. प्रत्येक चुलीचा स्वयंपाकी वेगळा, हिशोब वेगळा आणि बाहेरचे भागीदारही वेगळे. वाड्याच्या ओसरीवर बसलेली मूळ कंपनी स्वतः काहीच शिजवत नाही. तिच्याकडे प्रत्येक चुलीचे शेअर असतात. वर्षाअखेरीला लाभांश ओसरीवर येतो आणि तिथून ठरतं की पुढचं सरपण कोणत्या चुलीला द्यायचं. हिला होल्डिंग कंपनी म्हणतात. आयाला कॉर्पोरेशन ही ती ओसरी. तिच्या हाताखाली बँक ऑफ द फिलिपीन आयलंड्स, आयाला लँड, ग्लोब टेलिकॉम आणि वीजनिर्मितीतली एसेन या स्वतंत्रपणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आहेत. ओसरीसुद्धा १९७६ पासून बाजारात आहे, म्हणजे तिचे शेअर कुणीही घेऊ शकतो. तिच्या सामान्य शेअरांपैकी जवळपास निम्मे मर्मॅक नावाच्या खासगी कंपनीकडे आहेत आणि मर्मॅक कुटुंबाची.

इथे एक गणित लक्षात घ्यायला हवं. समजा, कुटुंबाकडे ओसरीचा निम्मा हिस्सा आहे आणि ओसरीकडे एखाद्या चुलीचा निम्मा. त्या चुलीच्या १०० रुपये नफ्यातले कुटुंबाच्या वाट्याला २५ येतील. पण चुलीचा स्वयंपाकी कोण, हे ठरवताना कुटुंबाचा शब्द जवळपास अखेरचा असेल. पैसा पाव, हुकूम पूर्ण. जगभरचे घराणेशाही उद्योगसमूह याच सूत्रावर चालतात, आपल्याकडचेसुद्धा. बाहेरच्या भागधारकाला यात धोका असतो, कारण कुटुंबाने चुकीचा निर्णय घेतला तर तोट्यातला मोठा वाटा इतरांच्या खिशातून जातो. अशा समूहाच्या शेअरची बाजारातली किंमत त्याच्या सगळ्या चुलींच्या बेरजेपेक्षा बहुधा कमी असते ती यामुळेही.

असले समूह फिलिपिन्समध्ये इतके का माजले? एक कारण त्यांच्या राज्यघटनेत आहे. जमिनीची मालकी आणि पाणी-विजेसारख्या सार्वजनिक सेवा यांत परदेशी हिस्सा ४० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, असा नियम वर्षानुवर्षं होता. (टेलिकॉमसारख्या काही सेवांना २०२२ मध्ये त्यातून मोकळीक मिळाली.) त्यामुळे परदेशी कंपनीला तिथे यायचं तर विश्वासाचा स्थानिक भागीदार लागतो आणि असा भागीदार शोधताना जुन्या घराण्यांची दारंच आधी ठोठावली जातात. मित्सुबिशी आयालांची जुनी भागधारक. मोबाइलसाठी १९९३ मध्ये सिंगापूरची सिंगटेल आली. जुनं नाव हे तिथे अक्षरशः भांडवल आहे, आणि ते सांभाळणं हेही वारसाचंच काम.

आता पुन्हा पाण्याकडे.

२.३२ चा आकडा वेडेपणाचा वाटला, पण त्यामागे हिशोब होता. मनिलाच्या पूर्व भागात शुद्ध करून सोडलेल्या दर १०० लिटर पाण्यातल्या ६३ लिटरचे पैसेच मिळत नव्हते. काही फुटक्या नळांतून जमिनीत जिरायचं, काही चोरीला जायचं, काहींची मीटरं बंद. म्हणजे नवं धरण न बांधता, केवळ गळती थांबवून विकण्याजोगं पाणी दुप्पट करता येणार होतं. बोलीमागचा पैजेचा भाग हाच. दुसरी गोष्ट अशी की, जुन्या सरकारी संस्थेच्या परदेशी कर्जाचा ९० टक्के बोजा पश्चिम भागावर टाकलेला होता आणि पूर्वेवर फक्त १० टक्के. १ ऑगस्ट १९९७ ला मनिला वॉटर या नव्या कंपनीने ताबा घेतला, तोवर आशियाई आर्थिक संकट सुरू झालं होतं. पेसो घसरला आणि डॉलरमधली कर्जं फुगली. पश्चिमेची कंपनी त्या ओझ्याखाली काही वर्षांत कोलमडली. पूर्वेची तगली. यात शहाणपणाबरोबर नशीबही होतं, हे मान्य केलंच पाहिजे.

जे नशिबाने झालं नाही ते मात्र बारकाईने पाहण्यासारखं आहे. कंपनीतले जवळपास सगळे कर्मचारी जुन्या सरकारी खात्यातलेच होते. तेच लोक, तेच नळ. बदल केला तो जबाबदारीच्या वाटणीत. शहराचे छोटे छोटे टापू पाडले, प्रत्येक टापूत किती पाणी आत गेलं आणि किती पाण्याचं बिल झालं ते मोजायला सुरुवात केली, आणि त्या टापूचा कारभार तिथल्याच चमूवर सोपवला. गळती कुठे आहे हे मुख्यालयातल्या साहेबापेक्षा रोज त्या गल्लीत फिरणाऱ्या फिटरला आधी कळतं. त्याला अधिकार दिल्यावर ती सापडू लागली.

दुसरा बदल झोपडवस्त्यांतला. तिथली माणसं तोवर डब्याने पाणी विकत घेत होती, नळाच्या पाण्याच्या कित्येक पट दराने. गरिबाला पाणी महाग पडतं, हे टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणाला वेगळं सांगायला नको. जमिनीची कागदपत्रं नाहीत म्हणून नळजोडणी नाही, हे दुखणंही आपल्या ओळखीचंच. १९९८ मध्ये कंपनीने 'तुबिग पारा सा बरांगाय' ही योजना काढली. तुबिग म्हणजे पाणी, बरांगाय म्हणजे वस्ती. जमिनीच्या कागदांची अट सैल केली आणि काही घरांना मिळून एकच मीटर बसवायला परवानगी दिली. बिल सगळ्यांनी मिळून भरायचं, चोरीवर लक्षही सगळ्यांनी मिळून ठेवायचं. लाखो माणसांच्या दारी नळ आला, आणि पाण्याची चोरीही घटली, कारण काल चोरून पाणी घेणारा आज ग्राहक झाला होता. पुढे गळती ६३ वरून ११-१२ टक्क्यांपर्यंत उतरली. ज्या भागात जेमतेम चौथ्या हिश्शाच्या लोकांना चोवीस तास पाणी मिळत होतं, तिथे ते जवळजवळ सगळ्यांना मिळू लागलं. नागपुरातल्या चोवीस तास पाण्याच्या खासगी भागीदारीवर आपल्याकडे जी वादळी चर्चा झाली, ती ज्यांना आठवते त्यांनी मनिलाचा हा अनुभव दोन्ही बाजूंनी अभ्यासावा असा आहे.

दोन्ही बाजूंनी, कारण दुसरी बाजू २०१९ मध्ये आली.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये पूर्व मनिलाचे नळ कोरडे पडले. बायकामाणसं बादल्या घेऊन रात्री-अपरात्री रांगेत उभी होती, रुग्णालयांना टँकर लावावे लागले. शहर वाढत गेलं होतं, पाण्याचा नवा स्रोत मात्र उभा राहिला नव्हता. धरणाचा निर्णय सरकारकडे अडकलेला, कंपनीचा स्वतःचा नवा शुद्धीकरण प्रकल्पही रेंगाळलेला. दोष वाटून घेण्यासारखा होता, पण रांगेतल्या बाईला तो वाटून घेण्यात रस नसतो. बिल ज्या नावाने येतं, त्याच्यावर राग निघतो. नियामक संस्थेने कंपनीला १ अब्ज पेसोंहून अधिक दंड केला. सांडपाण्याच्या गटारांचं काम मुदतीत न केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पाणी कंपन्यांना प्रत्येकी ९२ कोटी पेसोंहून जास्त दंड ठोठावला.

आणि नोव्हेंबरमध्ये अशी एक गोष्ट घडली जी कागदावर कंपनीचा विजय होती. पाणीदराच्या जुन्या वादात सिंगापूरमध्ये बसलेल्या आंतरराष्ट्रीय लवादाने निकाल दिला की फिलिपिन्स सरकारने करारातली हमी पाळली नाही, म्हणून मनिला वॉटरला ७.३९ अब्ज पेसो भरपाई द्यावी. कायद्याने कंपनी बरोबर होती. पण ज्या वर्षी लोकांच्या नळाला पाणी नव्हतं, त्याच वर्षी लोकांच्या करातून एवढी रक्कम मागायची? राष्ट्राध्यक्ष रोड्रिगो दुतेर्ते भडकले. श्रीमंत घराणी देशाला लुबाडतात, हा त्यांचा आवडता विषय होताच. त्यांनी आयालांचं नाव घेऊन तुरुंगात टाकण्याची भाषा केली. समूहाचे शेअर गडगडले. डिसेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की भरपाई नको.

मला हा प्रसंग वारसाच्या कामाचा गाभा वाटतो. नेमलेल्या व्यवस्थापकाने कदाचित भरपाईचा आग्रह धरला असता, कारण त्याला भागधारकांना उत्तर द्यायचं असतं आणि निकाल खिशात असतो. घराण्याचा माणूस वेगळ्या घड्याळाकडे पाहतो. लोपेझांची वीज कंपनी हुकूमशहा मार्कोसच्या लष्करी कायद्याच्या काळात हातून गेली, हे मनिलातल्या प्रत्येक मोठ्या घराला ठाऊक आहे. ज्या देशात सरकारची मर्जी फिरली की पिढ्यांची कमाई जाऊ शकते, तिथे लवादाचा निकाल हा फक्त कागद असतो. याला कुणी शरणागती म्हणेल, आणि कायद्याच्या राज्याच्या दृष्टीने ती वाईटच गोष्ट आहे : निकाल जिंकलेल्याने धमकीमुळे हक्क सोडावा, हे कुठल्याही देशाला शोभत नाही. पण रांगेतल्या बाईकडे पाहिलं तर ते पैसे न घेणंच योग्य होतं, असं माझं मत आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये पुढचं पाऊल पडलं. बंदरांच्या धंद्यातले मोठे उद्योजक एन्रिके राझोन यांच्या कंपनीने १०.७ अब्ज पेसोंना मनिला वॉटरचा २५ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं. त्याबरोबर कारभाराची सूत्रंही त्यांच्याकडे जाणार होती. तेवीस वर्षं वाढवलेल्या, समूहाने जगभर अभिमानाने मिरवलेल्या कंपनीची सूत्रं जाझांनी सोडली. त्यानंतर काही आठवड्यांत कोविडची टाळेबंदी आली. आयालांनी आपल्या मॉलमधल्या दुकानदारांची भाडी माफ केली, कंत्राटी कामगारांच्या पगाराची तजवीज केली आणि इतर समूहांबरोबर मिळून गरीब कुटुंबांना किराण्याची कुपनं वाटली. मे महिन्यात त्याच दुतेर्तेंनी दूरचित्रवाणीवरून आपल्या कडवट शब्दांबद्दल आयालांची माफी मागितली.

बाकीच्या चुलींवरही सोडायचा निर्णय दिसतो, फक्त कमी नाट्यमय रीतीने. विजेच्या धंद्यात समूह कोळशातून बाहेर पडत सूर्य आणि वारा यांच्याकडे वळला. २०२२ मध्ये एसेनने आपला कोळशाचा प्रकल्प अशा अटीवर दुसऱ्यांच्या हाती दिला की तो २०४० पर्यंत, म्हणजे ठरलेल्या आयुष्याच्या १५ वर्षं आधी, बंद होईल. याच एसेनचे सौर प्रकल्प राजस्थान आणि गुजरातमध्येही आहेत. मोबाइलमध्ये उलट, धरून ठेवण्याचं फळ मिळालं. ग्लोबने २००४ मध्ये जीकॅश नावाची मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय काढली. कित्येक वर्षं तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. नंतर चीनची अँट ही कंपनी भागीदार झाली, टाळेबंदीत नोटा हाताळणं नकोसं झालं, आणि आज फिलिपिन्समध्ये जीकॅश म्हणजे आपल्याकडचं यूपीआय म्हणावं इतकं सर्रास झालं आहे. वाहन उद्योगात २०१७ मध्ये त्यांनी लगुना प्रांतात केटीएम मोटरसायकली जोडण्याचा कारखाना सुरू केला. तीच केटीएम, जिच्या गाड्या बजाज पुण्याजवळ चाकणला बनवते.

उरला प्रश्न कारभार कुणाच्या हाती द्यायचा याचा. जाझांचे धाकटे भाऊ फर्नांडो वर्षानुवर्षं त्यांच्या जोडीने काम करत होते. एप्रिल २०२१ मध्ये मुख्याधिकारीपद फर्नांडोंकडे गेलं आणि जाझा अध्यक्षपदी राहिले. आखलेलं सत्तांतर होतं ते. पण २०२२ च्या ऑगस्टमध्ये फर्नांडो प्रकृतीमुळे रजेवर गेले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी पद सोडलं. तेव्हा जाझांना दोन वाटा होत्या : स्वतः पुन्हा त्या खुर्चीत बसायचं, किंवा पुढच्या पिढीतल्या कुणाला घाईने आणून बसवायचं. त्यांनी दोन्ही टाळून सेझार कॉन्सिंग यांना आणलं. कॉन्सिंग यांनी आयालांची बँक आधी आठ वर्षं चालवली होती आणि ते कुटुंबातले नव्हते.

पुढची, आठवी पिढी आता चुलींवर काम करते आहे. जाझांचा मुलगा हाइमे अल्फोन्सो समूहाचा वाहनधंदा पाहतो आणि बीवायडी या चिनी कंपनीच्या विजेवरच्या गाड्या विकतो. मुलगी मारियाना आधी बाहेर बँकिंगमध्ये काम करून मग घरच्या कंपनीत आली. ओसरीवर यापैकी कोण बसेल, की तिथे कुटुंबाबाहेरचाच माणूस राहील, हे अजून ठरायचं आहे. मार्गारितापासूनची रीत पाहिली तर मुलीचं नाव त्या यादीत कुठेही असू शकतं.